यंदा मी देणार

यंदा जकात, म्हणजे वर्षभर गाठीला राहिलेल्या मालमत्तेतला गरिबांचा हिस्सा, द्यायचीच, असं मी ठरवून टाकलं होतं. लोक हिशेब करताना आकडा खाली कसा येईल ते बघतात, मी तो वर कसा जाईल ते बघत होते. नवरा गेला तेव्हा घरात एक जुनं शिलाई मशीन होतं. आता तीन आहेत आणि मी नि माझी मुलगी पुढच्या खोलीत दप्तरं शिवतो. गेल्या वर्षी याच महिन्यात तिसऱ्या मशीनचं कर्ज फिटलं आणि पहिल्यांदाच गाठीला काही शिल्लक राहिलं. तेव्हापासून डोक्यात हेच भूत.

"अगं अम्मी, नाही दिली तर काय पोलीस येणार आहेत?" मुलगी म्हणाली.

"तू गप्प बस आणि मोठ्या मशीनची किंमत धर."

तिने धरली. तिन्ही मशीनं, कात्र्या, कापायचं टेबल, झालंच तर इस्त्रीसुद्धा. आकडा असा फुगला की मी खुर्चीतून उठलेच.

एवढी धडपड भाईसाठी होती. भाई म्हणजे माझा थोरला भाऊ. अब्बांकडून आलेलं त्याचं चपलांचं दुकान कर्जात गेलं आणि आता तो दुसऱ्याच्या दुकानात खोकी उतरवतो. वहिनीने बांगड्या मोडल्या. मी दोनदा पैसे घेऊन गेले, दोन्ही वेळा त्याने चहा पाजून परत पाठवलं. "बहिणीची मदत घेण्याइतका अजून खचलो नाही," म्हणाला. इतका राग आला होता मला! पण मदत नाकारलीस तरी देवाने ठरवलेला हक्क कसा नाकारशील, असा माझा डाव होता.

मशिदीशेजारच्या खोलीत मौलवीसाहेबांनी आम्हा मायलेकींसमोर माझा कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मशीनं कशाला धरलीत?"

"माझीच आहेत. चोरीची नाहीत."

"बाई, ती कमाईची हत्यारं. त्यांच्यावर जकात नसते. टेबलावर नसते, इस्त्रीवर तर नसतेच नसते."

त्यांनी भराभर ओळी खोडल्या. कापडवाल्याची उधारी वजा केली. उरली रोकड आणि माझ्या कानातलं सोनं. "ठरलेल्या वजनाच्या चांदीइतकी मालमत्ता लागते. तुमची जराशी कमी पडते. तुम्हाला द्यायची गरज नाही," ते प्रेमाने म्हणाले. इतरांना हे ऐकून बरं वाटत असेल. माझा चेहरा एवढासा झाला, डोळे भरून आले.

"द्यावी लागत नाही म्हणून रडणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय," मौलवीसाहेब गडबडले. "थांबा. विकायला तयार असलेला माल किती आहे?"

मी मुलीकडे बघितलं, मुलीने माझ्याकडे. माळा! माळ्यावर दप्तरांचे गठ्ठे पार छताला टेकले होते. विकले गेले नाहीत तोवर ते कसले पैसे, म्हणून आम्ही ते धरलेच नव्हते.

"ते धरायचे?"

"तेच तर धरायचे! न शिवलेलं कापडसुद्धा."

मुलीने तिथल्या तिथे बेरीज केली. मर्यादा ओलांडली, चांगली घसघशीत ओलांडली. मी टाळीच वाजवली.

"आता चाळिसावा हिस्सा काढा," मौलवीसाहेब हसत म्हणाले.

"भावाला दिली तर चालेल?"

"आईवडिलांना, मुलांना चालत नाही. भाऊ अडचणीत असेल तर पहिला विचार त्याचाच करावा."

"जकात आहे असं सांगावं लागतं?"

"मुळीच नाही. मनात नियत असली की पुरे. आणि उपकार केल्यासारखा चेहरा करू नका. ते त्याचंच आहे, तुमच्याकडे राहिलं होतं."

ही वाक्यं माझ्या ओळखीची होती. नवरा गेल्यापासून दुकान बुडेपर्यंत दरवर्षी भाई एक पाकीट आणून द्यायचा आणि म्हणायचा, "हे तुझंच आहे, माझ्याकडे राहिलं होतं." मला वाटायचं, अब्बांच्या दुकानातला माझा वाटा तो थोडा थोडा करून देतोय. त्यामुळे मी ताठ मानेने घ्यायचे. पहिलं मशीन दुरुस्त झालं ते त्याच पैशांतून.

सोबत आणलेल्या पैशांतून तेवढी रक्कम पाकिटात घातली, मुलीला घरी पाठवलं आणि मी तडक भाईकडे निघाले. त्याचे जिने चढताना धाप लागली, पण थांबवेना. नाही म्हणाला तर? दार त्यानेच उघडलं. माझ्या हातातलं पाकीट बघून कपाळावर आठ्या.

"परत आलीस?"

"मदत नाहीये," मी म्हणाले. "हे तुझंच आहे. माझ्याकडे राहिलं होतं."

भाई माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे कान लाल झाले. मग त्याने हात सदऱ्याला पुसले, पाकीट घेतलं आणि आतल्या खिशात ठेवलं. वहिनीला चहा टाकायला सांगितला. माझ्याकडे न बघता खुर्ची पुढे ओढली.

"हिशेबात मशीनं नाही ना धरलीस?" तो म्हणाला. "मी पहिल्या वर्षी दुकानातली कपाटं धरली होती."