आजोबांच्या शेजारी

खट्. कळ दाबली आणि कॉम्प्युटरच्या पेटीतला पंखा घरघरू लागला. दुपारची शांतता मोडली. तिने मान वळवून आतल्या खोलीकडे पाहिलं. लेकीने कूस बदलली आणि ती पुन्हा झोपली. हाताशी फार तर तासभर होता.

कॉम्प्युटर तिच्या वडिलांचा. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला म्हातारपणी या पेटीचा नाद लागला. सुरू होताना वाजणारी धून काढून त्यांनी तिथे नातीसाठी आपलाच आवाज बसवला होता : "आली का माझी चिमणी? बस, बस." ते गेल्यावर पेटी इकडे आली. चिमणी रोज कळ दाबायची, आवाज ऐकून "आले" म्हणायची आणि खेळायला पळायची.

पण घरबसल्या मिळालेलं टायपिंगचं काम या जुन्या सिस्टिमवर चालेना. भाऊ फोनवर म्हणाला, "पुसून टाक सगळं, ताई."

"आणि बाबांचा आवाज? शोधून दमले. कुठे ठेवलाय त्यांचं त्यांना ठाऊक."

तो म्हणाला, "मग नवी सिस्टिम जुनीच्या शेजारी बसव. दोन पर्याय येतील. पुसण्याचा घेऊ नकोस. नीट वाच बाई, तू दुधाची पिशवीसुद्धा उलटी कापतेस."

नवी सिस्टिम असलेला पेनड्राइव्ह लावला. तिने दोनदा वाचून 'शेजारी' निवडलं. पडद्यावर एक लांब पट्टी आली, मधे सरकणारी रेघ. तिने ती रेघ हळूच ढकलली. बाबांची बाजू आक्रसली, पलीकडे जागा झाली. बाकावर कुणी आलं की बाबा असेच सरकून बसायचे, न सांगता. पेटी तेवढीच, टेबल तेच, आणि आत कुठेतरी दुसरं घर उभं राहत होतं. ती नुसती बघत राहिली.

दूध उतू जायला आलं म्हणून ती उठली. परतली तेव्हा पडदा निळा, नवाकोरा. आवाज नाही.

"गेलं रे सगळं," ती फोनवर कसंबसं म्हणाली.

"सुरू होताना दोन ओळी आल्या होत्या का?"

"मी दुधाजवळ होते."

"मग वरची, नवी, आपोआप उघडली असणार. खालची जुनी. परत सुरू कर. आणि या वेळी जागची हलू नकोस."

काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या. तिने बाणाची कळ दाबून खालची निवडली. पंखा घरघरला. बराच वेळ काहीच नाही. मग,

"आली का माझी चिमणी? बस, बस."

"आले," मागून झोपाळू आवाज आला. विस्कटलेल्या केसांनी चिमणी तिच्या मांडीवर चढली.

तिने पेटी पुन्हा सुरू करून लेकीला त्या दोन ओळी दाखवल्या. "ही आईच्या कामाची. ही आजोबांची."

चिमणीने दोन्हींवरून बोट फिरवलं. बराच विचार केला.

"आई, तू वरच्या ओळीत काम करत असलीस, की आजोबांना कळतं का, आपण शेजारीच आहोत ते?"