ओगासावारांसाठी तीनशे शहाऐंशी सह्या

"ज्याच्या नावाचा टॉवेल घ्यावा, तोच टीम सोडून जातो. आता मी कुणाचा टॉवेल घेणारच नाही."

हिराता-सान हे मला म्हणाल्या नव्हत्या. थर्मासच्या झाकणात चहा ओतता ओतता स्वतःशीच पुटपुटल्या होत्या. पण आमच्या रिंकवरच्या खुर्च्या इतक्या खेटून आहेत की शेजारणीचं पुटपुटणं आपोआप आपल्याही वाट्याला येतं. त्यांचं वय पंचाहत्तर आणि घरी खेळाडूंच्या नावांचे, मॅचला हलवायचे टॉवेल एकोणीस. त्यातले सतरा माजी खेळाडूंचे.

"ओगासावारांचा आहे ना अजून?" मी म्हटलं.

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि बर्फाकडे बघत राहिल्या. त्याच वेळी मला कळायला हवं होतं.

त्सुरुमी कामोमे ही आमची आइस हॉकीची टीम. वरच्या लीगमधली नाही, खालची. कामोमे म्हणजे बंदरावर घिरट्या घालणारा पांढरा पक्षी, आणि टीमही तशीच, सापडेल ते खाऊन राहणारी. खेळाडू उजाडायच्या आधी सराव करतात, मग टाय लावून आपापल्या ऑफिसला जातात. मॅचला तीनशे माणसं आली तर मॅनेजर माइकवरून दोनदा आभार मानतात. मी अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याच्या, उदयच्या मागोमाग योकोहामाला आले, तेव्हा ऑफिसातून फुकट मिळालेल्या तिकिटावर पहिली मॅच पाहिली. खेळ काही कळला नाही. पण घरी आल्यावर टीमच्या साइटवर गेले, तिथे छोट्या छोट्या बातम्या होत्या: कोण आलं, कोण गेलं, कोण दुखापतीच्या यादीत गेलं, कोण त्यातून बाहेर आलं. एक एक अक्षर शोधत मी त्या वाचायला लागले.

माझं जपानी त्यावरच झालं. क्लास नाही, परीक्षा नाही. त्यामुळे 'घोट्याची दुखापत, बरे होण्यास सहा आठवडे' हे मी झोपेतही वाचू शकते, पण वॉशिंग मशीनवाला आला की मुलीला हाक मारते. या बातम्या मी मराठीत लिहून आमच्या बायकांच्या ग्रुपवर टाकते. अकरा जणी आहेत. त्यातली सुनेत्रा, जिचा नवरा टोकियोत बँकेत आहे, ती दर वेळी लिहिते, "तुझ्या बर्फावरच्या लोकांना माझा नमस्कार सांग."

त्या लोकांत पहिले ओगासावारा-सान. सात नंबर, बचावपटू, वय अडतीस, टीममध्ये सोळा वर्षं. दिवसा ते उदयच्याच कंपनीत असतात, कार्यालयीन व्यवस्थेच्या विभागात. कुणाचं टेबल हलवायचं, कुणाला दाराचं कार्ड द्यायचं, हे त्यांचं काम. ते पहिलं फुकट तिकीट त्यांनीच वाटलेलं.

डिसेंबरमध्ये एका मॅचमध्ये त्यांना कठड्यावर जोरात आपटलं. हेल्मेटचा आवाज वरपर्यंत आला. ते उठले, हात वर केला, टाळ्या झाल्या, आणि ते समोरच्या टीमच्या बाकावर जाऊन बसले. सगळे हसले. मीही हसले. त्या टीमच्या एका मुलाने त्यांच्या खांद्याला धरून आमच्या बाजूला आणून सोडलं, तेव्हा आणखी टाळ्या झाल्या.

मग ते दुखापतीच्या यादीत गेले. बातमीत फक्त 'शरीराच्या वरच्या भागाची दुखापत' असं होतं. जानेवारीत कुणकुण लागली की महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी खेळाडूंची नोंदणी बंद होते आणि त्या यादीत सात नंबर नसेल.

मी पेटले. सोळा वर्षं खेळलेल्या माणसाला असं गुपचूप गाळतात? आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीपासून कचऱ्याच्या गाडीपर्यंत सगळं सह्यांच्या जोरावर झालेलं मी पाहिलंय. वहीचा कागद घ्यायचा, वर दोन ओळी, खाली सह्या, आणि माणसाच्या हातात नेऊन द्यायचा. मी विनंतीअर्ज लिहिला, कादंबरीने, म्हणजे माझ्या मुलीने, चुका काढल्या. हिराता-सानना दाखवला तर त्यांनी दातांतून हवा आत ओढली.

"विभा-सान, हे जरा..."

"जरा काय?"

"नाही, तुमची भावना फार छान आहे," म्हणाल्या आणि सही केली.

मला वाटलं, यांच्यात धमकच नाही. मी सायकल काढली. स्टेशनबाहेर उभी राहिले, भारतीय किराणाच्या दुकानात उभी राहिले, शाळेच्या फाटकाशी डोसा-इडलीच्या गप्पा मारणाऱ्या आयांना पकडलं. त्यांतल्या निम्म्यांनी हॉकी म्हणजे गवतावरचं समजून सही केली. नऊ दिवसांत तीनशे शहाऐंशी. मंगळवारी मी तो गठ्ठा दोन्ही हातांनी मॅनेजरांना दिला. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, भारावले.

बुधवारी संध्याकाळी बातमी आली. 'चाहत्यांच्या उबदार भावनांना प्रतिसाद देत ओगासावारा यांनी खेळत राहण्याचा निर्णय घेतला आहे. शुक्रवारी दुपारी चार वाजता रिंकवर नोंदणीच्या फॉर्मवर स्वाक्षरी होईल.' मी ग्रुपवर मराठीत टाकलं, सोबत पक्ष्याची सात चित्रं. सुनेत्राने पहिल्यांदा नमस्काराच्या जागी टाळ्या पाठवल्या.

जेवताना मी उदयला वाचून दाखवलं. तो पोळीचा तुकडा घेऊन तसाच बसला.

"काय रे? आनंद नाही झाला?"

"विभा, मला गेल्या सोमवारी दाराचं नवीन कार्ड मिळालं. ओगासावारा-सान घेऊन आले. वाकले, म्हणाले, हरवू नका, मागच्या वेळी तुम्ही रेनकोटच्या खिशात धुतलं होतं. हसलो आम्ही."

"बरं मग?"

"मंगळवारी परत आले. परत कार्ड. परत वाकले, परत रेनकोट."

कादंबरीने मोबाइल खाली ठेवला.

"तू काय म्हणालास?"

"थँक्यू म्हणालो. हसलो. कार्ड घेतलं. दोन आहेत आता माझ्याकडे. सगळेच असं करतात गं, फक्त मी नाही. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं की लोक दुसऱ्यांदा उत्तर देतात, पहिल्यांदाच विचारल्यासारखं."

"आणि हे मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? ते तसेही थांबणार होते. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणखी एक फटका नको. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी आमच्या साहेबांना सांगितलं की महिनाअखेर खेळ बंद. मला वाटलं, झालं, मिटलं." त्याने पोळीचा तुकडा ताटात ठेवला. "मग तुझा गठ्ठा गेला."

"पण ते नाही म्हणू शकले असते!"

"मुरी," कादंबरी म्हणाली. म्हणजे शक्यच नाही. मग माझ्यासाठी मराठीत आली. "आई, इथे तीनशे शहाऐंशी लोकांनी प्लीज म्हटल्यावर नाही कसं म्हणणार तो? तू त्याला विचारलं होतंस का, आधी?"

विचारलं नव्हतं. नऊ दिवस मी अख्ख्या वॉर्डाला विचारत फिरले होते, त्याला सोडून.

गुरुवारी सकाळी मी रिंकच्या वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात गेले. मॅनेजरांनी मला हिरवा चहा दिला. मी म्हटलं, माझा अर्ज परत द्या. ते म्हणाले, अर्ज रीतसर स्वीकारला आहे, त्यावर शिक्का आहे. मी म्हटलं, ओगासावारा-सानची तब्येत. ते म्हणाले, ते स्वतः म्हणतात की ठीक आहे. मी म्हटलं, तुम्हाला काय वाटतं? त्यांनी मान एका बाजूला कलती केली आणि दातांतून हवा ओढली. अकरा वर्षांत त्या आवाजाचा अर्थ मला पहिल्यांदा नीट कळला. त्या आवाजात सगळं माहीत असतं.

ठीक आहे, म्हटलं. कागदाने घातलेला घोळ कागदानेच निस्तरायचा. घरी येऊन नवीन लिहिला. कादंबरी शाळेत होती, त्यामुळे चुका तशाच राहिल्या. 'आमची मागची विनंती आम्ही परत घेतो. ओगासावारा-सान, कृपया थांबा. आम्हाला तुमच्या खेळापेक्षा तुमचं डोकं प्रिय आहे.' जपानीत ते वाक्य फार उघडंवाघडं दिसत होतं. तसंच ठेवलं.

सायकल परत काढली. ज्यांनी हसत हसत सही केली होती, ते आता बुटांकडे बघायला लागले. किराणावाले म्हणाले, ताई, एकदा सही केली ना आता. एक आजोबा, जे प्रत्येक मॅचला ढोल वाजवतात, ते कागद वाचून म्हणाले, आज थंडी फार आहे. सुनेत्राला फोन केला.

"विभे, आधी रहा म्हणायला लावलंस, आता जा म्हणायला लावतेस. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. तू सही करतेस का?"

"अगं, मी त्या माणसाला बघितलंही नाही कधी!"

"मागच्या वेळीही बघितलं नव्हतंस."

ती म्हणाली, कुकर लावलाय.

हिराता-सानच्या दारात मी सगळ्यात शेवटी गेले. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला. "तुमचं अक्षर सुधारलंय," म्हणाल्या. मी म्हटलं, हिराता-सान, तुम्हाला तेव्हाच माहीत होतं ना? त्यांनी मला एक संत्रं दिलं आणि दार हळू लावून घेतलं. ते संत्रं मी रस्त्यातच सोलून खाल्लं. आंबट होतं.

संध्याकाळी कागदावर एक सही होती, माझी. उदयने कोट काढायच्या आधी कागद पाहिला.

"ऑफिसात माझं काय होईल माहितेय? आत्तापर्यंत कुणीही एक शब्द काढलेला नाही. आणि त्यांच्याच ऑफिसातल्या माणसाची, माझी, सही इथे."

"नको करू मग."

"पेन दे," तो म्हणाला.

कादंबरीने तिसरी केली. आधी माझ्या चार चुका दुरुस्त केल्या आणि 'डोकं' हा शब्द बदलू का म्हणून विचारलं. मी नको म्हटलं.

शुक्रवारी मी साडेतीनलाच जाऊन उभी राहिले. रिंकच्या दारात टेबल मांडलं होतं, त्यावर निळं कापड, पेन, नोंदणीचा फॉर्म. वीस-पंचवीस चाहते, ढोलवाले आजोबा, हिराता-सान हातात फुलं घेऊन. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, पण माझ्या पिशवीकडे सगळे बघत होते. कादंबरी शाळेतून धावत आली. उदयने अर्धी रजा टाकली होती. तो भिंतीला टेकून उभा होता, जणू चुकून या रस्त्याने जात होता.

चारला ओगासावारा-सान आले. ऑफिसचाच कोट, केस नीट विंचरलेले. सगळ्यांसमोर वाकले. मग माझ्यासमोर आले आणि आणखी खाली वाकले.

"विभा-सान, तुमच्या सह्यांसाठी मनापासून आभार. इतकी माणसं... मी प्रयत्न करीन."

"ओगासावारा-सान, त्या सह्या गोळा करताना माझं चुकलं. तुम्हाला काय हवं, हे मी विचारलंच नाही."

मॅनेजर मध्ये आले. "विभा-सान, नंतर, नंतर. आधी फोटो."

"नंतर नाही," मी म्हटलं. माझं जपानी भीतीने कामातून गेलं होतं, सगळे शब्द दुखापतींच्या बातम्यांमधले येत होते. "पाच वाजता नोंदणी बंद होते. नंतर काही उरत नाही." मी टेबल आणि त्यांच्यामध्ये उभी राहिले. माझ्यासारखी जाडजूड बाई मध्ये उभी राहिली की वळसा घालावा लागतो, आणि वळसा घातला की सगळ्यांना दिसतं. मी कागद दोन्ही हातांनी पुढे केला. "यावर फक्त तीन सह्या आहेत. कृपया इथेच वाचा."

त्यांनी कागद घेतला. ढोलवाले आजोबा खोकले. मॅनेजरांनी घड्याळ पाहिलं, मग कॅमेऱ्यावाल्याला हाताने थांबायची खूण केली. तीन ओळी वाचायला इतका वेळ लागत नाही. ते बोट ठेवून वाचत होते. शेवटपर्यंत जायचे आणि परत पहिल्या ओळीवर यायचे. त्यांचं बोट तिसऱ्यांदा वर गेलं तेव्हा उदय भिंतीपासून निघाला आणि माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हिराता-साननी फुलं खाली केली.

"विभा-सान, आपण जाऊ या," कुणीतरी मागून हळूच म्हणालं. मी हलले नाही. मला माहीत होतं की आत्ता हलले तर ते सही करतील, अगदी हसून करतील, आणि शनिवारी कुणीतरी पुन्हा त्यांना कठड्यावर आपटेल.

ओगासावारा-साननी कागदाची नीट घडी केली. मग कोटाच्या आतल्या खिशातून दुसरा एक कागद काढला आणि उलगडून आम्हा सगळ्यांना दिसेल असा धरला. बायकी वळणाचं अक्षर होतं. स्टेशनचं नाव, कुठलं दार, बाहेर पडल्यावर डावीकडे, कोनबिनी दुकानाच्या कोपऱ्यावर उजवीकडे.

"ही चिठ्ठी आज बायकोने दिली," ते म्हणाले. "इथे यायला. सोळा वर्षं येतोय मी इथे."

मॅनेजरांनी तोंड उघडलं. ओगासावारा-साननी त्यांच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.

"माझं डोकं दुखावलंय," ते म्हणाले. "मला भीती वाटते. मला आता खेळायचं नाही."