हात काढा, फोटोत येतोय

चर्चच्या पायऱ्यांवर आमची एकोणचाळीस माणसं उभी करायला फोटोग्राफर पौलोसचेट्टनना अर्धा तास लागला होता, आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांचं अजून ठरत नव्हतं. बारा वाजून गेले होते. माझी पाठ घामानं भिजली होती. नवरी, म्हणजे माझी नणंद ट्रीसा, ओठ न हलवता पुटपुटली, "चेची, गाल दुखायला लागले. आता हसू येत नाही, नुसते दात दिसतात."

"तेवढेच दाखव," मी म्हटलं. माझं लक्ष माझ्या कडेवर होतं.

कुरुवी वीस महिन्यांचा आहे. खरं नाव आजोबांचं, कुरुविला. घरात कुरुवी, म्हणजे चिमणी. फोटोच्या वेळी त्याला मीच घेणार, एवढं एकच मी घरून ठरवून आले होते.

चार महिन्यांपूर्वी चर्चच्या जत्रेत दारूकाम चाललं होतं. सगळी पोरं किंचाळत होती आणि हा माझ्या खांद्यावर गाढ झोपलेला. "काय गुणी झोप बाई!" असं माझ्या सासूबाई, अम्मच्ची, कौतुकानं म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दुपारी घर निजलं की मी याच्या पाठीमागे स्टीलची ताटं पाडते. कधी वळतो, कधी नाही. वळला तरी वाटतं, माझी सावली हलली म्हणून वळला असेल. कानाच्या डॉक्टरांकडे येत्या मंगळवारी जायची चिठ्ठी पर्समध्ये आहे. सजूला, माझ्या नवऱ्याला, सांगितलेलं नाही. तो दोहाला, सुट्टी मिळाली नाही. घरात कुणालाच सांगितलेलं नाही. आधी लग्न पार पडू दे, असं रोज स्वतःला सांगत आले.

पण ग्रुप फोटोत लहान मुलाला सगळं जग हाका मारतं. म्हणून मी युक्ती काढली होती. हाक आली की हनुवटीखाली बोट लावायचं आणि त्याचा चेहरा हळूच कॅमेऱ्याकडे करायचा. कुणाला कळणार नाही.

"त्याला इकडे आण, मोळे," अम्मच्ची पहिल्या रांगेतून म्हणाल्या. "माझ्या मांडीवर दे."

"अम्मच्ची, त्याच्या मोज्यात खडा गेलाय. रडेल. असू दे माझ्याकडेच."

"रडू दे. तू उंच आहेस, तिसऱ्या रांगेत जा. अप्पच्चन असते तर त्यांच्याच मांडीवर बसला असता ना?"

सासरे गेल्या नाताळात गेले. पेपरात द्यायला त्यांचा एकट्याचा चांगला फोटो घरात सापडेना. शेवटी पुतण्याच्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापून काढला, आणि त्यांच्या खांद्यावर कुणाच्या तरी साडीचा हिरवा काठ तसाच राहिला. त्यामुळे या फोटोला आमच्याकडे कुणी हलक्यात घेत नाही. उभं राहताना प्रत्येक म्हातारं माणूस मनातल्या मनात स्वतःला कापून बघतं.

मी कुरुवीला दिलं आणि तिसऱ्या रांगेत गेले. तिथून त्याची टाळू आणि एक कान दिसत होता.

"सगळ्यांनी इकडे!" पौलोसचेट्टन ओरडले. "अवराचन, पोट आत!"

"पोट आतच आहे," सासऱ्यांचे धाकटे भाऊ म्हणाले. "हे जेवणाच्या आधीचं. बदकाचं कालवण तिकडे गार होतंय, तू इथे पोटं मोजत बस."

हशा झाला. पौलोसचेट्टननी टाळी वाजवली. "कुरुवी! कुरुवीऽऽ!"

आणि मी पाहिलं. अम्मच्चींचं बोट हळूच त्याच्या हनुवटीखाली गेलं आणि चेहरा वर झाला. अगदी माझ्यासारखं.

मी पुढे असलेल्या ट्रीसाचा खांदा धरला.

"अम्मच्ची, हात काढा. फोटोत येतोय," पौलोसचेट्टन म्हणाले.

"येऊ दे."

"अहो, पोराचा अर्धा चेहरा झाकला. काढा."

त्यांनी हात काढला. कुरुवीनं मान खाली घातली आणि बुटाचा बंद ओढायला लागला. पौलोसचेट्टननी खिशातून शिट्टी काढून फुंकली. रांगेतली पोरं दचकली, एक तान्हं रडायला लागलं. कुरुवी बंद ओढत राहिला.

"आपल्याच नादात!" अवराचन म्हणाले. "काय रे, ऐकू येतं ना तुला?"

पुन्हा हसले सगळे.

"नाही येत," अम्मच्ची म्हणाल्या. मोठ्यानं, मागच्या रांगेपर्यंत जाईल अशा आवाजात. "बहुतेक नाही येत. पौलोस, त्याला दिसेल असं काहीतरी कर."

हसणं थांबलं. पौलोसचेट्टननी शिट्टी खिशात टाकली, दुसऱ्या खिशातून छोटा आरसा काढला. उन्हाचा कवडसा पायरीवर पडला, अम्मच्चींनी नेसलेल्या पांढऱ्या मुंडूवर चढला, कुरुवीच्या बुटावर नाचला. त्यानं तो धरायला हात टाकला, मग कवडसा कुठून येतो ते शोधत मान वर केली. आरसा कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी होता.

कॅमेरा वाजला.

"आणखी एक," पौलोसचेट्टन म्हणाले. "आता बाकीच्यांनीही इकडे बघा."

पायऱ्या उतरताना अम्मच्चींनी कुरुवी माझ्याकडे दिला. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दुपारी तू ताटं पाडतेस. मी सकाळी पाडते, तू अंघोळीला गेलीस की."

"मंगळवारी जायचंय, अम्मच्ची."

"मग आज नीट जेव. तुझं तोंड बघ कसं झालंय."

मी त्याच्या मोज्यातला खडा काढला. हरभऱ्याएवढा होता. एवढा वेळ तो त्यासाठी रडलाही नव्हता.

मी मागितल्याबरोबर पौलोसचेट्टननी पहिला फोटो माझ्या फोनवर पाठवला, आणि मी तो सजूला. दोन मिनिटांत त्याचा फोन आला.

"अगं, हे सगळे बघताहेत कुठे? चांगला फोटो पाठव ना. अम्मच्ची खाली, काका खाली, ट्रीसासुद्धा! आणि तू डोळे का मिटलेस? समोर बघतोय एकटा कुरुवी." तो हसला. "हुशार आहे हं आपला."

"हो," मी म्हटलं. "सजू, जरा बस कुठेतरी."