बदकावर पाळत

आमच्या सासरेबुवांना बदक दिसलं की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. कुठलंही बदक. चित्रातलं, रबराचं, बालवाडीच्या फाटकावर रंगवलेलं. कारण बदक आमचं आहे, व्यापारचिन्ह म्हणून रीतसर नोंदवलेलं. ‘बदक छाप’ बूटपॉलिश! आजेसासऱ्यांनी काढलेलं. बदकाच्या पाठीवर पाणी ठरत नाही तसं आमच्या बुटावर ठरणार नाही, असा त्यांचा साधा विचार. नोंदणीचं प्रमाणपत्र बैठकीच्या खोलीत काचेत लावलंय. आमच्या लग्नाचा फोटो आत कपाटावर पडलाय.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला टायपिंग येतं, एवढंच सासरेबुवांनी लक्षात ठेवलं. दुसऱ्याच आठवड्यात माझ्या गळ्यात काम पडलं. दर सोमवारी नोंदणी कार्यालयाचं पत्रक निघतं, त्यात लोकांनी नव्याने मागितलेली चिन्हं असतात. ती सगळी चाळायची आणि हंस, पाणकोंबडी, चोच असलेलं जे दिसेल ते कापून वहीत चिकटवायचं. बाकीचे दिवस दुकानं फिरायची, नकली डब्या विकत आणायच्या, पावतीसकट कपाटात लावायच्या. शनिवारी नोटिसा.

खोटं कशाला बोलू, नोटिसा लिहायला मला मजा यायची. वाचणाऱ्याची झोप उडेल अशा लिहायचे मी. पोहण्याच्या एका क्लासला पाठवली, कारण त्यांच्या टोप्यांवर बदक होतं. त्यांचं उत्तर आलं, ‘आम्ही बूट काढूनच पाण्यात उतरतो.’ मी पोट धरून हसले. सासरेबुवांनी लगेच दुसरी नोटीस पाठवायला लावली.

नवऱ्याने या भानगडीतून कधीच अंग काढून घेतलं होतं. तो सकाळी पुराव्याच्या कपाटातली एखादी डबी उघडून बूट चमकवायचा आणि ऑफिसला जायचा. मग मी पुरावा क्रमांक चौतीस कुठे गेला म्हणून घर डोक्यावर घ्यायचे.

एवढ्या सगळ्यात एका गोष्टीबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. कारखाना बंद होता.

डब्या भरायचं मशीन सहा वर्षांपूर्वी बसलं ते बसलंच. आमचे मिस्त्री आजेसासऱ्यांच्या हाताखाली तयार झालेले, नुसत्या वासावरून मेण कधी उतरवायचं ते सांगणारे. ते रोज घरी येऊन म्हणायचे, “साहेब, एकदा येऊन बघा तरी.” साहेब म्हणायचे, “आधी चोर पकडू, मग मशीन.” मिस्त्री पाच महिने बंद मशीनसमोर बसून राहिले. मग यायचे थांबले.

वर्षभराने दुकानांत डब्या दिसायला लागल्या. तेच बदक, तोच वास. मी माग काढला तर मिस्त्रींच्या घरामागची पत्र्याची शेड! जुनी गिऱ्हाइकं दारात येऊन मागत राहिली, म्हणून त्यांनी बनवायला घेतलं होतं. सासरेबुवा नुसते पेटले. पुढच्या चार वर्षांत मिस्त्रींना मी सात नोटिसा पाठवल्या. ‘आपला आमच्या कंपनीशी काडीचाही संबंध नाही. आपणांस कधीही, कसलीही परवानगी दिलेली नव्हती, नाही आणि देणार नाही.’ हे वाक्य माझं. सासरेबुवांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं होतं.

आठव्या नोटिशीच्या आधीच मिस्त्रींचा कागद आला. त्यांनी नोंदणी कार्यालयात अर्ज केला होता की सलग पाच वर्षं बदक छाप कंपनीने एकही डबी विकलेली नाही, तेव्हा हे चिन्ह त्यांच्या नावावरून काढून टाकावं आणि आपल्या नावावर नोंदवावं.

वकील घरी आले. म्हणाले, “पाच वर्षांत विकलेली एक डबी दाखवा. एक.”

सासरेबुवांनी मोठ्या ऐटीत मला कपाट उघडायला लावलं. एकशे चाळीस डब्या, प्रत्येकीवर तारीख, दुकान, पावती.

“वा! यातली तुमची कुठली?” वकिलांनी विचारलं.

अहो, सगळ्याच चोरांच्या! आमचं बदक बाजारात जिवंत होतं ते चोरांच्या जिवावर. सासरेबुवांनी काचेतल्या प्रमाणपत्रावर हात ठेवला. “वडिलांनी मागे ठेवलेलं हे एवढंच आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. मला त्यांचा राग होताच, पण त्या क्षणी खरंच वाईट वाटलं.

वकील म्हणाले, “एक वाट आहे. मालकाच्या परवानगीने दुसऱ्याने माल बनवला, तर तो मालकानेच विकला असं धरतात. तुमची परवानगी होती असं मिस्त्रींनी लिहून दिलं, तर बदक वाचेल.”

म्हणजे ज्याला चार वर्षं चोर म्हटलं, त्याच्या पाया पडायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासरेबुवा आणि मी शेडमध्ये उभे होतो.

आत शेगडीवर मोठ्या पातेल्यात मेण वितळत होतं. मिस्त्रींची बायको झाकणांवर बदकं चिकटवत बसली होती. तिने आमच्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. सासरेबुवांनी कसंबसं बोलून टाकलं. “परवानगी होती, एवढं लिहून द्या. मग खुशाल बनवत राहा, मी शब्द काढणार नाही.”

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले आणि फळीवरून एक फाईल काढली. माझ्या सातही नोटिसा, तारखेने लावलेल्या.

“साहेब, मी डोळे मिटून सही करतो. पण याच्या प्रती नोंदणी कार्यालयात देऊन झाल्यात. ‘कधीही, कसलीही परवानगी दिलेली नव्हती.’ वहिनी, हे तुम्हीच लिहिलंय ना?”

“हो,” मी म्हणाले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

सासरेबुवा माझ्यावर उखडले. “इतकं ठासून लिहायची काय गरज होती?”

“तुम्ही दोनदा वाचून घेतलंत, बाबा!”

मिस्त्री मेण ढवळायला लागले. पाठमोरेच म्हणाले, “सात वेळा कागद आला. पोस्टमन माझी शेड ओळखायला लागला. एकदा स्वतः आला असतात ना साहेब, तर मशीन आपण दोघांनी मिळून उघडलं असतं. तुमच्या वडिलांनी मला हे काम हाताला धरून शिकवलं. तुम्हालाही शिकवत होते, पण तुम्ही कधी थांबला नाहीत.”

सासरेबुवांनी एक उघडी डबी उचलून नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

“बदक माझ्या नावावर झालं की पाळत ठेवायला माणूस लागेल,” मिस्त्री माझ्याकडे वळून म्हणाले. “तुमचं काम चोख आहे, वहिनी. याल?”

टोमणाच होता तो, मला कळत होतं. आणि मला लागलाही. पण मी म्हणाले, “पाळत ठेवायला नाही येणार. पॉलिश बनवायला शिकवणार असाल तर येते.”

त्यांनी मला जरा निरखून बघितलं. “उद्या आठला या. जुने कपडे घालून.”

“आणि मी?” सासरेबुवांनी विचारलं. इतक्या हळू, की ते बोलले हे मला आधी खरंच वाटेना.

मिस्त्रींनी त्यांच्याकडे बघितलं, मग पातेल्याकडे बोट दाखवलं. “तुम्ही मेणावर नजर ठेवा, साहेब. उतू गेलं की काही कामाचं राहत नाही.”