पहिल्यांदाच आलात का?

"आज सांगणार आहेस ना?" गाडी पार्किंगमध्ये लावता लावता सदानंदने बायकोला विचारलं.

"सांगणार," मंजुषा म्हणाली.

"ईस्टरलाही असंच म्हणाली होतीस."

मागच्या सीटवरचा खोका उचलून ती उतरली. खोक्यात नावाचे बिल्ले, मार्कर, नव्या लोकांनी भरायचे फॉर्म आणि एक टेबलक्लॉथ होता. ऑक्टोबर लागला होता, तरी दुबईतल्या जबल अलीची हवा सकाळी साडेआठलाच अंगाला चिकटत होती. चर्चच्या आवारात आधीच्या तमिळ उपासनेची माणसं बाहेर पडत होती आणि इंग्रजी उपासनेची आत शिरत होती. एकाच आवारात इतक्या मंडळ्या, की हॉल वेळेवर रिकामा झाला नाही तर पुढच्यांचा खोळंबा व्हायचा.

दरवाजाजवळच्या कापडी छताखाली तिने घडीचं टेबल उघडलं. त्याचा एक पाय अडकायचा, तो तिने गुडघ्याने ढकलून सरळ केला. अकरा वर्षं ती हे करत होती. आधी शुक्रवारी, मग देशाची साप्ताहिक सुट्टी बदलली तेव्हापासून रविवारी.

मंजुषा मूळची अहमदनगरची. अल बर्शातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनला होती. सोमवार ते शनिवार काचेच्या दारासमोर बसून ती येणाऱ्या प्रत्येकाला "गुड मॉर्निंग, हाऊ मे आय हेल्प यू?" म्हणायची. रविवारी दार तेवढं बदलायचं. सुरुवातीला तिला ते मनापासून आवडायचं. कोण कुठून आलं, मुलांना शाळा मिळाली का, घर इंटरनॅशनल सिटीत घ्यायचं की डिस्कव्हरी गार्डन्समध्ये, सगळं ती विचारायची आणि सांगायची. लोकांना घरी जेवायला बोलवायची. मग कुणाची नोकरी जायची, कुणाला कॅनडाचं बोलावणं यायचं, आणि दोन-तीन वर्षांत माणसं निघून जायची. पहिली काही वर्षं ती प्रत्येकासाठी रडली. नंतर रडायचं थांबलं. आणि गेल्या वर्षी कधीतरी तिच्या लक्षात आलं, की आता ती नावंही लक्षात ठेवत नाही. बिल्ल्यावर लिहायची, हसायची, आणि दोन मिनिटांत विसरायची.

म्हणून आज ती पाळकसाहेबांना सांगणार होती, खलास, आता दुसरं कुणीतरी बघा.

नऊच्या सुमारास पिवळा पंजाबी ड्रेस घातलेली एक बाई फाटकातून आली. चाळिशीची, सावळी, घट्ट वेणी घातलेली. एकटीच होती. टेबलाच्या चार पावलं अलीकडे ती थांबली आणि रुमालाने मानेवरचा घाम टिपू लागली. आत जावं की नाही, असं काहीतरी तिच्या मनात चाललं होतं.

"गुड मॉर्निंग, वेलकम!" मंजुषाच्या तोंडून आपोआप निघालं. "इज धिस युअर फर्स्ट टाइम?"

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. "सलाम, ताई," ती म्हणाली.

मंजुषाचा हात मार्करवरच थांबला. असा सलाम तिच्या लहानपणी रविवारी चर्चच्या पायरीवर जो तो करायचा. दुबईत तिला तो क्वचितच ऐकू येई.

"सलाम, सलाम! अहो, तुम्ही आपल्याकडच्या! पहिल्यांदाच आलात का?"

बाईने एकदा हॉलच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो."

"नाव काय तुमचं?"

"कावेरी पगारे. राहुरीच्या बाजूची."

मंजुषाने बिल्ल्यावर नाव लिहिलं, खाली नव्या माणसांसाठीचा लाल ठिपका लावला आणि तो स्वतःच्या हाताने तिच्या ओढणीला टाचला. फॉर्मवर राहण्याचा पत्ता अल बर्शाचा होता. मेट्रो आणि मग बस करून आले, असं कावेरी म्हणाली. मागे आणखी दोन कुटुंबं उभी होती, त्यामुळे मंजुषाने तिला बाजूच्या दाराकडे बोट दाखवलं, आणि "चहाला थांबा हं" म्हणून ती पुढच्यांकडे वळली.

उपासना अर्धी झाली की मंडळीच्या सूचना वाचल्या जात, आणि त्यानंतर नव्या लोकांनी उभं राहायची तिथली रीत होती. मंजुषा तेव्हा नेहमीप्रमाणे दाराशी उभी होती. पाळकसाहेब रेव्हरंड जोसेफ केनियाचे, आवाज मोठा. त्यांनी विचारलं, आज पहिल्यांदा कोण आलंय? एक फिलिपिनो जोडपं उभं राहिलं. एक नायजेरियन कुटुंब उभं राहिलं, चार मुलांसकट. आणि अगदी शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून, कावेरी उभी राहिली.

मंडळीने टाळ्या वाजवल्या. बाकीचे हसत हसत खाली बसले. कावेरी बसलीच नाही. टाळ्या थांबल्या, पियानो वाजू लागला, तरी ती पुढच्या खुर्चीची पाठ धरून तशीच उभी होती. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थाने तिच्या कोपराला हात लावला, तेव्हा ती भानावर आली.

उपासनेनंतर अंगणात चहा होता. मंजुषा फॉर्म गोळा करत होती. तेवढ्यात तिच्या कमरेशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. ती ईशानी होती, रंजिता साळवेची आठ वर्षांची मुलगी. रंजिता बँकेत मोठ्या हुद्द्यावर होती आणि चर्चच्या कमिटीवर होती. तिची सासू, सगळ्यांच्या साळवेआजी, जूनमध्ये वारल्या होत्या.

"आंटी, व्हाय डिड कावेरी मावशी गेट द रेड डॉट?" ईशानीने विचारलं.

"कारण ती नवीन आहे ना, बाळा."

"शी इज नॉट न्यू," ईशानी म्हणाली. "शी केम विथ आजी. एव्हरी वीक. शी पुश्ड द व्हीलचेअर."

मंजुषाने फॉर्म टेबलावर ठेवले.

साळवेआजी तिला लख्ख आठवत होत्या. पांढरीशुभ्र सुती साडी, मांडीवर मराठी गीतांचं जाड पुस्तक, पायावर शाल. दर आठवड्याला मंजुषा त्यांच्यापुढे वाकायची, हात हातात घ्यायची, "काय म्हणतेय तब्येत?" विचारायची. मदर्स डेला त्यांच्या खांद्याला तिनेच फूल टाचलं होतं. आणि खुर्चीच्या मागे? खुर्ची आपली आपण तर आली नसणार. मंजुषाने खूप आठवून पाहिलं. तिला खुर्चीच्या मुठी आठवल्या. मुठींवरचे हात आठवले नाहीत.

कावेरी भिंतीच्या सावलीत कागदी कप घेऊन उभी होती. मंजुषा तिच्याजवळ गेली खरी, पण सुरुवात कशी करावी ते सुचेना.

"साळवेआजींना तुम्ही आणायचात?" शेवटी तिने विचारलं.

"हो, ताई. तीन वर्षं."

"मग मघाशी मला नवीन आहे असं का म्हणालात?"

कावेरीने कपात पाहिलं. "तुम्ही विचारलंत म्हणून."

मंजुषाची मान खाली गेली.

"तुम्हाला लाजवायला नाही म्हणाले," कावेरी घाईने म्हणाली. "आजी होत्या तेव्हा सगळे खाली वाकून त्यांच्याशी बोलायचे. ते बरोबरच होतं. मी मागं. आज खुर्ची नाही, कुणी नाही. रविवारी सुट्टी घे, असं रंजितावहिनी म्हणाल्या, तर म्हटलं आपलं आपण जाऊन बघावं. फाटकातून आत आले आणि पाय उचलेना. तुम्ही विचारलंत, पहिल्यांदाच का. मला वाटलं, खरंच की. मी एकटी, माझी म्हणून, आज पहिल्यांदाच आले."

"चुकलं माझं, कावेरी," मंजुषा म्हणाली. आणखी काहीतरी म्हणायला हवं होतं, पण जे मनात येत होतं ते सगळं दवाखान्यातल्या काऊंटरवरचं होतं.

एवढ्यात रंजिता आली. काळा गॉगल डोक्यावर, हातात गाडीची किल्ली. "अगं कावेरी, तू इथे! मला सांगायचंस ना, गाडीतून आणलं असतं." तिच्या बोलण्यात खरोखरीचं अगत्य होतं. मग ती मंजुषाकडे वळली. "ताई, एक मस्त आयडिया आहे. चहाच्या टीमला माणसं कमी पडतायत ना? हिला घ्या. हिच्या हातचा चहा म्हणजे... आणि हिलाही इथे इन्व्हॉल्व्ह झाल्यासारखं वाटेल."

मंजुषा 'हो, छान' म्हणणारच होती. अकरा वर्षांची सवय.

"नको, वहिनी," कावेरी म्हणाली. आवाज चढला नव्हता. "चहा काय, घरी सहा दिवस करतेच. इथं मला बसायचंय."

रंजिता गोरीमोरी झाली. "हो, हो, ऑफ कोर्स. माझ्या लक्षातच नाही आलं," असं म्हणून तिने ईशानीला हाक मारली आणि दोघी गाडीकडे गेल्या. कावेरीने कपातला उरलेला चहा संपवला.

मंजुषाच्या मनात मात्र तेच तीन शब्द घोळत राहिले. इथं मला बसायचंय. वर्षभर ती सदानंदला जे समजावून सांगू पाहत होती, पाळकसाहेबांपुढे बोलायला जे शब्द जुळवत होती, ते या बाईने एका दमात सांगून टाकलं होतं, आणि तेही आपल्या मालकिणीला.

ती तशीच आत गेली. रेव्हरंड जोसेफ मागच्या छोट्या खोलीत झगा काढून हँगरला लावत होते. बगलेखाली शर्ट घामाने भिजला होता. अजून एक बाप्तिस्म्याचा वर्ग आणि एका हॉस्पिटलची भेट बाकी होती.

"मी वेलकम टेबल सोडतेय," मंजुषा इंग्रजीत म्हणाली. "आजपासूनच."

"काही झालं का?"

"दमलेय मी. दारात उभी राहते आणि मला माणसं दिसत नाहीत."

ते खुर्चीत बसले. "ख्रिसमसपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग दारात कोण उभं राहील?"

"मला माहीत नाही, फादर. मी आत बसणार आहे."

ते हसले. त्या हसण्यात कुरबूर नव्हती, थोडा हेवा होता. "मलाही नऊ वर्षं बसावंसं वाटतंय," ते म्हणाले. "माझ्या वाटचंही बस."

पुढच्या रविवारी सदानंदने विचारलं, "खोका?" आणि मंजुषा म्हणाली, "ऑफिसात ठेवून दिला." रिकाम्या हातांनी गाडीतून उतरताना तिला काहीतरी घरी विसरल्यासारखं वाटलं. सदानंद नेहमीप्रमाणे गायकवृंदात गेला.

कावेरी आधीच आली होती. शेवटच्या रांगेत, भिंतीकडेच. मंजुषा शेजारी बसली, तेव्हा कावेरीने आश्चर्याने पाहिलं. "टेबल?"

"सोडलं."

"माझ्यामुळं?"

"नाही गं. माझ्या मनातलं तू नुसतं बोलून दाखवलंस."

पण बसणं काही सोपं गेलं नाही. पाठीमागे दार वाजलं की मंजुषाची मान वळायची. टेबलाशी कुणीच नव्हतं. पहिलं गीत चालू असताना एक तरुण जोडपं आत आलं, कडेवर झोपलेलं मूल, पाठीवर बॅग, आणि कुठे बसावं हे न कळून मधल्या वाटेत उभं राहिलं. मंजुषा अर्धी उठली. कावेरीने तिच्या मनगटावर हात ठेवला.

"बसा, ताई."

मग कावेरी स्वतः भिंतीकडे सरकली, मंजुषालाही तिने सरकायला लावलं, आणि मोकळ्या झालेल्या दोन खुर्च्यांवर हाताने थोपटलं. जोडप्यातल्या मुलीने तो थोपटणारा हात पाहिला. दोघं येऊन बसली. कुणी कुणाचं नाव विचारलं नाही. थोड्या वेळाने झोपलेल्या मुलाचा बूट मंजुषाच्या मांडीवर येऊन टेकला.

पुढे त्या टेबलाचं असं झालं, की त्या नायजेरियन कुटुंबातली बाई आणि आणखी एक गृहस्थ आलटून पालटून उभे राहू लागले. काही रविवारी कुणीच नसायचं आणि माणसं आपली आपण आत येत. रंजिताने चहाचा विषय परत काढला नाही. एका रविवारी मात्र ती स्वतः दोन कप भरून मागच्या रांगेपर्यंत आली, एक कावेरीला दिला आणि काही न बोलता तिच्या शेजारी उभ्याने प्यायली. कावेरीचा व्हिसा मार्चपर्यंत आहे, पुढचं नक्की नाही. इन्शाल्ला, ती म्हणते. मंजुषाने यावेळी तिचा फोन नंबर, राहुरीचा पत्ता आणि तिच्या दोन्ही मुलींची नावं डायरीत न लिहिता पाठ केली आहेत.

पण हे नंतरचं. मंजुषा आत बसली त्या पहिल्या रविवारी प्रवचन सुरू झालं तेव्हा एसीचा गार झोत बरोबर मानेवर येत होता. रेव्हरंड जोसेफ कुठल्याशा विहिरीबद्दल बोलत होते. मंजुषाने पहिली पाच मिनिटं लक्षपूर्वक ऐकली. मग पापण्या जड झाल्या. खूप दिवसांत तिच्यावर कशाचीच जबाबदारी नव्हती, ना दाराची, ना फॉर्मची. तिची मान हळूहळू कलली आणि कावेरीच्या खांद्यावर जाऊन विसावली.

कावेरी हलली नाही. प्रवचन संपलं, प्रार्थना झाल्या, लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले. एकाने मंजुषाकडेही हात केला, तेव्हा कावेरीने ओठांवर बोट ठेवलं आणि दोघींच्या वतीने आपलाच हात पुढे केला. पुढच्या रांगा प्रभुभोजनासाठी एकेक करून उठू लागल्या, वेदीपाशी जाऊन परतू लागल्या. त्यांच्या पुढची रांग उभी राहिली, तेव्हा कुठे कावेरीने तिचा खांदा हळूच हलवला.

"ताई," ती म्हणाली. "उठा. आपली रांग आली."