माझ्या पाठीवरचा समुद्र

मी एक पत्र्याचा फलक बोलतोय.

पूर्वी मी हमरस्त्यावर होतो. आमच्या गॅनेट कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हद्दीचा अख्खा नकाशा माझ्या अंगावर होता: दोन नद्या, अकरा गावं, एक दीपगृह आणि पूर्वेला निळाशार समुद्र. प्रवासी मला टेकून खिमा भरलेले मीट-पाय खायचे आणि तेलकट हात मलाच पुसायचे. तरी माझा रुबाब होता. नवा फलक आला आणि मी गोदामात जाऊन पडलो.

मग किनाऱ्यावरची बँक्सियाची तीन झाडं कुणीतरी मारली. बुंध्यांना भोकं पाडून आत विष ओतलं. घरातून समुद्र दिसावा म्हणून झाडं मारायची, हा आमच्याकडचा जुना रोग. कौन्सिलचा उपायही ठरलेला: त्याच जागी समुद्र झाकणारा मोठा फलक, नवी रोपं डोक्याएवढी होईपर्यंत. माझ्या कोऱ्या बाजूवर 'इथली झाडं मारली गेली' असं रंगवून ती किनाऱ्याच्या वाटेकडे केली. नकाशाची बाजू आली समोरच्या घराकडे.

त्या घरात मर्व्ह टॉली राहतो. उभा जन्म मासेमारीत गेला. बायको लॉर्ना खिडकीशी अंथरुणाला खिळलेली. डॉक्टरांनी हात टेकले होते.

एकदा कौन्सिलचा डॅरिल माझे स्क्रू आवळत असताना मर्व्ह आला.

"काढ रे बाबा हा पत्रा. झाडं मीच मारली. काय दंड करायचा तो कर, पण तिला समुद्र बघू दे."

"अरे लेका, आधी बोलायचंस ना! चार फांद्या मीच छाटून दिल्या असत्या. आता मीटिंगशिवाय मला स्क्रूही काढता येत नाही."

"मीटिंग कधी?"

"पुढच्या महिन्यात."

मर्व्ह हसला. ते हसणं मला बघवलं नाही.

त्यानंतर खिडकीतून रोज बोलणं ऐकू यायचं.

"मर्व्ह, तू मला मागणी घातलीस ती खाडी कुठंय रे?"

"दीपगृहाच्या खाली बघ. तिथं गंज चढलाय."

"तुझ्यासारखाच," लॉर्ना म्हणायची, आणि माझ्यावरच्या निळ्या रंगाकडे बघत राहायची. मला फार लाज वाटायची. खरा समुद्र माझ्या मागेच गाजत होता आणि मी त्याच्या आड उभा होतो.

मीटिंगच्या आठ दिवस आधी ती गेली.

मंजुरी घेऊन डॅरिल आला तेव्हा मर्व्ह रोपांना पाणी घालत होता.

"राहू दे तो," मर्व्ह म्हणाला. "शेवटी तिनं हाच बघितला."

रोपं आता त्याच्या गुडघ्याला लागलीत. डोक्याएवढी झाली की मला काढतील. रोपांनो, चांगली वाढा. फक्त मर्व्ह आहे तोवर, जरा सावकाश.