बिनमुठीचं दार

मी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार बोलतोय. किल्ल्याच्या दाराकडे इतिहास असतो, देवळाच्या दाराकडे पुण्य असतं. माझ्याकडे सांगण्यासारखी एक चूक आहे आणि तिची मला फार लाज वाटते. कपाळ बडवून घ्यावं तर मला कपाळ नाही. फोडलं ते दुसऱ्याचं. म्हणून निदान बोलून तरी टाकतो.

माझा जन्म लाकडातून झाला असं म्हणणं धाडसाचं होईल. लाकडाचा भुसा आणि डिंक यंत्रात दाबून माझी पाटी तयार झाली. तिच्यावर पांढऱ्याशुभ्र ॲक्रिलिकचा पापुद्रा चढला, कडांना पट्टी लागली आणि मी इतका चकचकीत झालो की समोरच्या माणसाला माझ्यात भांग पाडता यावा. मग मला सिंहगड रस्त्यावरच्या एका दुकानात नमुना म्हणून टांगलं, तेही नेमकं दिव्याखाली.

तिथे आम्ही बरेच होतो. सागाचं तोंड लावलेलं तपकिरी दार, चौकटीची नक्षी असलेलं निळसर दार, कधीच न चमकणारं राखाडी दार. गिऱ्हाईक त्या सागवानी दाराला "जरा जुन्या वळणाचं वाटतं" म्हणालं की मला आतून गुदगुल्या व्हायच्या. मी उद्धट होतो. दिव्याखाली राहिलं की होतं तसं.

एका रविवारी सलिल, त्याची बायको निशा आणि सलिलची आई सत्यशीलाबाई दुकानात आले. खडकीत त्यांचा फ्लॅट होता. सत्यशीलाबाईंचे यजमान तिथल्या कारखान्यात नोकरीला होते; ते जाऊन सहा वर्षं झाली होती. सलिल आणि निशा दोघेही कॉम्प्युटरवाले. त्यांना घरातलं जुनं स्वयंपाकघर काढून नवं करायचं होतं.

दिग्विजय नावाच्या विक्रेत्याने माझ्यावर हात ठेवला. "बघा सर, मूठ नाही, हँडल नाही. नुसतं हलकं दाबायचं, दार आपोआप उघडतं. एकदम क्लीन लुक."

त्याने दाबलं, मी उघडलो. निशा "वा!" म्हणाली. पण ती भली मुलगी होती. ती सासूकडे वळून म्हणाली, "आई, स्वयंपाक जास्त तुम्हीच करता. तुम्ही सांगा ना, कुठलं घ्यायचं?"

सत्यशीलाबाई पुढे आल्या. त्यांचा हात माझ्यावरून वरून खाली फिरला, मग या कडेपासून त्या कडेपर्यंत. पुन्हा एकदा तसाच फिरला. मी फुगलो. इतक्या मायेने मला आजवर कोणी कुरवाळलं नव्हतं.

"तुम्हाला आवडेल ते घ्या," त्या म्हणाल्या. "माझं काय, मला कुठलंही चालतं."

या एका वाक्यावर पुण्यात किती स्वयंपाकघरं उभी राहिली असतील, देव जाणे. सलिलने लगेच ऑर्डर दिली.

त्यांच्यासाठी बनवलेल्या दारांपैकी एकाचा कोपरा टेम्पोत उडाला. माप सारखं होतं, म्हणून त्याच्या जागी मला पाठवलं. मी नमुन्याचं खरंखुरं दार झालो आणि शेगडीच्या शेजारी, वरच्या कपाटाला लागलो. माझ्या पोटात चहा-साखरेचे डबे आले.

जुनी कपाटं तालिब सुताराने उतरवली होती. त्याच्या वडिलांनी, खालिदचाचांनी, ती फार पूर्वी कारखान्याच्या क्वार्टरमध्ये बनवली होती आणि क्वार्टर सुटल्यावर या फ्लॅटमध्ये आणून बसवली होती. त्यांची दारं दोन दिवस गॅलरीत भिंतीला टेकून उभी होती. रंगाचे थरावर थर, आणि चार दारांना चार तऱ्हेच्या मुठी! एकाला पितळी गोळा, एकाला कुकरच्या झाकणाचं काळं बोंड, एकाला दोऱ्याचं लाकडी रीळ. चौथ्याला तर चक्क सायकलच्या घंटीची टोपी. मूठ तुटली की यजमान हाताला लागेल ते ठोकून द्यायचे म्हणे. मी मनात म्हटलं, काय हे भंगार! सत्यशीलाबाई गॅलरीत जाऊन एकेक मूठ चाचपत होत्या. मला वाटलं, म्हातारं माणूस, जीव अडकला असेल.

पहिले काही दिवस माझे फोटो निघाले. नातेवाइकांनी अंगठे पाठवले. मग रोजचं जगणं सुरू झालं आणि माझा खरा स्वभाव बाहेर आला. मी चहाडखोर आहे. हळदीचं बोट लागलं की मी पिवळा डाग दाखवतो, तेलाचं लागलं की ढग. सत्यशीलाबाई एक दार उघडायला चार दारं दाबायच्या आणि चारही दारांवर त्यांची बोटं उमटायची. निशा मागून मऊ फडकं घेऊन यायची. ती फक्त पुसायची. थोड्याच दिवसांत सत्यशीलाबाई मला हात लावायच्या आधी बोटं पदराला पुसू लागल्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात, स्वतःच्या हातांची चोरी! ते बघताना माझी चमक मला पहिल्यांदा नकोशी झाली.

आणि मग ती सकाळ आली. त्यांना खालच्या खणातून मिक्सरचं भांडं काढायचं होतं. वाकताना आधारासाठी त्यांनी तळवा वर टेकला. त्यांना वाटलं, भिंत आहे. पांढरी भिंत, पांढरा मी. हात टेकला की उघडायचं, एवढंच मला येतं. मी आवाज न करता उघडलो आणि त्यांच्या डोक्यावर आडवा येऊन थांबलो. त्या भांडं घेऊन सरळ झाल्या. माझा कोपरा त्यांच्या डाव्या भुवईवर बसला.

रक्त माझ्यावरही उडालं. पांढऱ्यावर ते फार लाल दिसतं.

तीन टाके पडले. दवाखान्यातून परत आल्यावर सलिल घाबरून ओरडला, "अगं आई, एवढं मोठं दार तुला दिसलं कसं नाही?"

"माझंच लक्ष नव्हतं रे," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी ठरलं, की स्वयंपाकाला बाई बघायची. आईने आता आराम करायचा, टीव्ही बघायचा. चाळीस वर्षं ज्या बाईने कारखान्याचे, शाळेचे, ऑफिसचे डबे भरले, तिला माझ्यामुळे हॉलमध्ये बसायला सांगितलं. पुसलेला, लखलखीत मी, आणि समोर दारातून दिसणारी त्यांची पाठ. मला तोंड लपवायचं होतं. पण मी सगळा तोंडच आहे, लपवणार कुठे?

धक्क्याने माझी बिजागरी ढिली झाली होती. दुकानवाले फोन उचलेनात, तेव्हा निशाने तालिबला बोलावलं. त्याने बिजागरी आवळली आणि हॉलकडे बघत हाक मारली, "काकू, चहा नाही का आज? अब्बांच्या वेळेपासून या घरातून बिनचहाचं कोणी गेलेलं नाही."

सत्यशीलाबाई उठल्या. कपाळावर पट्टी होती. त्या आत आल्या आणि आमच्या रांगेवरून तळवा फिरवू लागल्या. पहिलं दार उघडलं, तिथे ताटं होती. दुसऱ्यात डाळी. तिसऱ्यात मसाले. मग त्यांचा हात माझ्यापर्यंत आला. तोच हात, तीच चाल, वरून खाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानात त्यांनी मला कुरवाळलं नव्हतं. त्या मूठ शोधत होत्या.

तालिब हळूच म्हणाला, "काकू, दिसत नाही का हो तुम्हाला?"

"समोरचं दिसतं. बाजूचं जातं. पांढऱ्यावरचं पांढरं तर काहीच कळत नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "सलिलला सांगू नकोस. ऐकलं की स्वयंपाकघर गेलंच माझं."

"कधीपासून, आई?"

निशा दारात उभी होती. फडकं तिच्या हातातच होतं.

सत्यशीलाबाईंनी माझ्यावरून हात काढून घेतला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं होतील."

"मग जुन्या स्वयंपाकघरात कसं करत होतात सगळं?"

"तिथे बघावं लागायचं नाही. बोंड लागलं की डाळ. रीळ लागलं की मसाला. पितळी गोळ्याच्या मागे ताटं. घंटी लागली की चहा."

निशाच्या डोळ्यांत पाणी आलं. "दुकानात विचारलं होतं ना मी तुम्हाला?"

"विचारलंस गं. पण दोघं इतके आनंदात होतात. मध्ये कुठे माझं म्हातारपण आणायचं?"

दोन दिवसांनी डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, पण रोज थेंब घातले तर उरलेली टिकेल. सलिल घरी आला तो कितीतरी वेळ माझ्यासमोर नुसता उभा राहिला. माझ्यात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो त्याला बघवत नव्हता. आम्ही दोघे एका जातीचे निघालो.

तालिबने जुनी दारं भंगारात दिली होती, पण मुठी काढून ठेवल्या होत्या. वडिलांनी बनवलेल्या कपाटांची तेवढीच आठवण, म्हणून. दुधाच्या पावडरीच्या डब्यात घालून तो त्या घेऊन आला. सोबत ड्रिल होतं.

सलिल सवयीने बोलून गेला, "ॲक्रिलिक आहे, तडा जाईल. आणि भोक पाडलं की वॉरंटी जाते."

"माझ्या कपाळाची गेलीच आहे," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

सलिल ओशाळला. निशा म्हणाली, "तालिबभाई, पाडा भोक. आणि ते दाबायचं यंत्रही काढून टाका. ओढल्याशिवाय उघडता कामा नये."

ड्रिल माझ्यात शिरलं. दुखलं, खोटं कशाला बोलू. केसाएवढी एक चीरही गेली. पण मला वाटत होतं, अजून पाडा, हवी तितकी पाडा. तालिबने माझ्यावर घंटीची टोपी बसवली. ज्या सायकलवरून यजमान कारखान्यात जायचे, तिची. सत्यशीलाबाईंचा हात रांगेवरून आला, टोपीवर थांबला, आणि त्यांनी शोधाशोध न करता चहाचा डबा काढला. तालिबला चहा मिळाला. बाई लावायचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता माझे फोटो कोणी काढत नाही. मधोमध गंजकी टोपी, बाजूने चीर, कडेला हळद. निशा पुसते, पण आठवड्यातून एकदा. दिग्विजय आला तर मला ओळखणार नाही, आणि ते बरंच.

तुम्ही कधी दारं निवडायला गेलात, तर एवढंच करा. घरातलं जे माणूस "मला कुठलंही चालतं" म्हणेल, त्याला घरी आणून, शेगडीपाशी उभं करून पुन्हा एकदा विचारा. आणि त्याचा हात काय शोधतोय, ते बघा. मी बघितलं नाही.

रोज सकाळी सत्यशीलाबाई चहाला येतात. भुवईवरचा व्रण आता फिकट झालाय. मी बंद असतो, ओढल्याशिवाय उघडू शकत नाही, हे त्यांना माहीत आहे. तरी घंटीला हात लावण्याआधी त्या दुसरा तळवा कपाळासमोर आडवा धरतात. माझ्यापासून वाचायला.